सहावा आणि चौदावा

राग आला की शरणबसव आधी चष्मा पुसायचा. त्या शनिवारी दुपारी चार वाजेपर्यंत त्याने तो पाच वेळा पुसला होता, आणि घरातल्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं.

खरं तर दिवस गोडाधोडाचा. त्याच्या आईला, शिवबाईला, ऐंशी वर्षं पुरी झाली होती. सहा वाजता चर्चच्या मंडळीतली माणसं उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला यायची होती. त्याची बायको मार्था सकाळपासून शेंगापोळ्या लाटून घामाघूम झाली होती. धाकटा भाऊ संगमेश अकलूजहून पहिल्या एसटीने आला होता आणि बायकोमुलांना मुद्दाम घरी ठेवून आला होता, कारण हत्तुऱ्यांच्या घरात प्रार्थनेच्या आधी भांडण होतंच हे त्याला ठाऊक होतं. शिवबाई नवी निळी इरकल नेसून खाटेवर बसली होती. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं, कधी एकदा सहा वाजतात आणि या लोकांची तोंडं बंद होतात.

पंख्याखालची एकुलती एक खुर्ची महादेवप्पाने धरली होती. महादेवप्पा म्हणजे शरणबसवचा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा, चर्चच्या पंचमंडळाचा अध्यक्ष आणि सात रस्त्याजवळच्या छापखान्याचा मालक. त्या छापखान्याच्या मालकीवरून घरात एकदा मोठं वाजलं होतं. या घरात ती पुन्हा काढायची नाही असा दंडक होता आणि तेहतीस वर्षं तो सगळ्यांनी पाळला होता.

"मी सहा वाजता लोकांना काय सांगू, तेवढं बोल," महादेवप्पा म्हणाला. "पाळकसाहेब दवाखान्यात पडलेत. उद्याच्या उपदेशाला तुझ्या पोरीचं नाव देऊन बसलेत. दोन पंच म्हणतात बोलू दे, आमी दोघं म्हणतो न्हाय. पाचवा तू. सेक्रेटरी हायस. पोरगी तुझी हाय म्हणून तुला सूट न्हाय."

"सूट मागितली का मी?"

"मग बोल की."

शरणबसवने चष्मा काढला. ऋतुजा समोर भिंतीला टेकून उभी होती. बंगळुरूला चार वर्षं धर्मशास्त्र शिकून ती महिन्यापूर्वी परत आली होती. तिथल्या एका शाळेने तिला नोकरी देऊ केली होती आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं. काल रात्री जेवताना तिने बापाला सरळ सांगून टाकलं होतं की रविवारी आपल्याच चर्चने माझं तोंड बांधलं तर मी सोलापुरात राहणार नाही, आणि पुन्हा येणारही नाही. शरणबसवला ही एकच मुलगी. रात्रभर त्याला डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि झोप झाली नाही की त्याचा राग सकाळपासूनच तापलेला असे.

"अप्पा, अण्णाकाकांना उत्तर द्या," ऋतुजा म्हणाली. "त्यांना नसेल द्यायचं तर मला द्या."

"उत्तर पवित्र शास्त्रात आहे. माझ्याकडे काय मागतेस?"

"शास्त्र तुमच्याकडूनच शिकले मी."

"मग नीट शिक की! शास्त्र देवाच्या श्वासाने झालंय. सगळं. आपल्याला गोड लागतं तेवढंच नाही, घशाला टोचतं तेही. लिहिणारा माणूस म्हणजे नुसती लेखणी. लेखणीला मत नसतं."

हे तो उगाच बोलत नव्हता. तीस वर्षं त्याने वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रुफं तपासली होती. दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही आणि दुसऱ्याचा शब्द गाळायचा नाही, यावर त्याने घर चालवलं होतं. लग्नाची पत्रिका हातात आली तरी तो आधी चुका शोधायचा आणि मग नवरा-नवरीची नावं वाचायचा. अशा माणसाला देवही मजकूर देणारा आणि काटेकोर तपासून घेणारा वाटावा, यात नवल काहीच नव्हतं.

"लेखणीला मत नसतं, पण पौलाला होतं," ऋतुजा म्हणाली. "तो पत्रात त्या करिंथच्या लोकांवर किती चिडलाय बघा. तुम्ही आपसांत भांडता, तुम्ही गट करता, जेवायला बसता तर एक उपाशी आणि एक तर्र. हे सगळं तो चिडून सांगतोय आणि दुसरा कुणीतरी लिहून घेतोय. देवाने प्रेरणा दिली ती या चिडक्या माणसाला दिली. शाईला नाही दिली."

"म्हणजे कुठली ओळ देवाची आणि कुठली पौलाच्या रागाची, हे कोण ठरवणार? तू?"

"सगळ्या देवाच्या."

"मग विषय संपला! चौदाव्या अध्यायात लिहिलंय की मंडळीत बायकांनी बोलू नये, काही विचारायचं तर घरी नवऱ्याला विचारावं. संपलं!"

"आणि अकराव्यात त्याच पौलाने लिहिलंय की बाई मंडळीत प्रार्थना करताना, संदेश सांगताना डोक्यावर पदर घेईल. गप्प बसायचंय तर पदर कशाला, अप्पा?"

संगमेश हसला. तो इतिहासाचा मास्तर. वर्गात पोराने बरोबर उत्तर दिलं की हसतो तसाच हसला. शरणबसवच्या कपाळावरची शीर उठली.

"तू हसू नकोस. तुला रविवारी चर्चला जायला जमत नाही आणि इथं पुतणीची बाजू घेतोस."

"दादा, मी कुणाची बाजू घेतली? पण पोरगी मुद्द्याचं बोलतीय की."

"मुद्द्याचं न्हाय, कॉलेजातलं बोलतीय," महादेवप्पा म्हणाला. "हे बघ शरणू, आपण छापील शास्त्र काढलं की ही म्हणणार, भाषांतर बरोबर न्हाय, मूळ ग्रीक असं हाय नि तसं हाय. तू घरची वही काढ. तुझ्या सतराव्या वर्षी तू सवता तिच्यात लिवलंयस. बापाच्या हातचं दाखव तिला. मग बघू काय बोलती ते."

खाटेवरून शिवबाई एकदम म्हणाली, "नगं. वही कशाला काढतोस आता? लोकं यायची येळ झाली."

"दोन तास आहेत अव्वा."

"धूळ हाय तिच्यावर. नगं म्हंते ना मी."

शरणबसवने ऐकलं नाही. तो उठला आणि लोखंडी कपाटाच्या किल्ल्या शोधू लागला.

वही म्हणजे हत्तुऱ्यांचा सगळ्यात मोठा मान. पणजोबा गुरुलिंग याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा शास्त्र विकत घ्यायची त्याची ऐपत नव्हती. पाळकाच्या घरी जाऊन बसायचं, पाळकाने वाचायचं आणि याने लिहून घ्यायचं, असं त्याने पहिलं शुभवर्तमान उतरवलं. पुढे ऐपत आली, घरात छापील शास्त्रं चार झाली, तरी रीत राहिली. सतरावं वर्ष लागलं की घरातल्या प्रत्येकाने शास्त्रातला एक ग्रंथ वहीत उतरवायचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने छापील पानाकडे बघायचं नाही. गुरुलिंगाचं म्हणणं असं की संदेष्ट्यांनी देवाचा शब्द कानाने घेतला, डोळ्याने नाही, तेव्हा आपणही कानानेच घ्यावा. शेवटी दोघांनी सही करायची. ऋतुजाने रूथचा ग्रंथ उतरवला होता. संगमेशने आळस करून सगळ्यात छोटं पत्र निवडलं होतं. शरणबसवने मात्र करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र घेतलं, सगळेच्या सगळे सोळा अध्याय, आणि दीड महिना रोज संध्याकाळी आई वाचत होती आणि तो लिहीत होता.

त्याने वही टेबलावर ठेवली. फडक्याने पुसली. नाताळला आणि घरात मूल जन्मलं तरच ती बाहेर निघायची, आणि वाचायचा उतारा दर वेळी शिवबाईच काढून द्यायची. त्याने आपलं पत्र उघडलं तेव्हा रागातही त्याला बरं वाटलं. काय अक्षर होतं! ओळ सरळ, काना सरळ, कुठं खाडाखोड नाही.

"ये, इकडे ये," तो मुलीला म्हणाला. "तुझ्या बापाचं अक्षर आहे. यात कॉलेज नाही की ग्रीक नाही. वाच. चौदावा, चौतिसावं वचन. मोठ्याने वाच."

ऋतुजा आली, वाकली. तिचं बोट ओळींवरून खाली गेलं आणि परत वर आलं.

"काय झालं? वाचवत नाही?"

"अप्पा, ते इथं नाहीये."

"काय नाहीये?"

"ते वचन. तेहतीस नंतर चौतीस म्हणून जे लिहिलंय ते छापीलातलं छत्तिसावं आहे. तुम्हीच बघा."

"वेडी आहेस का!" त्याने वही ओढली. चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. बोट ओळीवर ठेवून, प्रूफ वाचतात तसं, एकेक शब्द उचलत तो खाली आला. मग त्याने पान उलटून अध्यायाचा शेवटचा आकडा बघितला. छापील शास्त्रात चौदाव्या अध्यायाची वचनं चाळीस. त्याच्या वहीत अडतीस होती, आणि आकडे एकामागे एक नीट लावलेले होते, मध्ये कुठं फट नव्हती.

आणि पत्राच्या शेवटच्या पानावर त्याचीच सही होती. त्याच्या सहीच्या वर आईची सही, आणि दोन्हीच्या वर त्याने सतराव्या वर्षीच्या ऐटीत लिहिलेली ओळ: अक्षर न् अक्षर मेळवून पाहिले.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या माणसाने आयुष्यातलं पहिलंच लिखाण दोन वचनं खाऊन लिहिलं होतं. संगमेशला हसू आवरेना. त्याने तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता.

"हस! हस तू!" शरणबसव ओरडला. "मी गाळणार नाही. मी कधी काही गाळलेलं नाही! मी ऐकलं ते लिहिलं. अव्वा!"

शिवबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"अव्वा, तू वाचत होतीस."

"व्हय."

"तू वाचलं नाहीस हे."

"न्हाय वाचलं."

"चुकून?"

म्हातारीने मान वर केली. "चुकून कशाला? मला आकडे येतात की. छत्तीस वाचताना चौतीस म्हणून सांगितलं तुला. मी दोन वचनं सोडली."

स्वयंपाकघरातून मार्था लाटणं हातात घेऊन दारात आली होती. महादेवप्पा खुर्चीवरून पुढे झाला होता. शरणबसवचा जो आवाज फुटला तो घरातल्या कुणी याआधी ऐकला नव्हता.

"खोटा आकडा सांगितलास? मला? देवाचा शब्द वाचताना?"

"व्हय."

"आणि मी चारचौघांत सांगत फिरलो की आमच्या घरची वही बघा, यात कान्याची चूक सापडणार नाही! पंचेचाळीस वर्षं!"

"तू सांगायचास तवा मला लई वाईट वाटायचं."

"वाईट वाटायचं!" त्याने वहीवर हात आपटला. "तेहतीस वर्षांपूर्वी वाईट वाटलं होतं का? बोल की! बाबा गेले आणि सहा महिन्यांत सिद्धलिंगप्पा काकांनी छापखाना या अण्णाच्या नावावर करून टाकला. निम्मा बाबांचा होता. मी वकिलाकडे निघालो होतो. वकीलपत्रावर सही करायची तेवढी राहिली होती. तू मला त्या दारात अडवलंस, हीच वही काढलीस आणि हेच पत्र उघडलंस. आठवतं? सहावा अध्याय! भावाने भावाला कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. माझ्याच अक्षरात होतं. तू म्हणालीस, तुझ्या हातानं लिवलंयस, आता पाळ. मी पाळलं. सही न करता परत फिरलो आणि दुसऱ्याच्या कचेरीत प्रुफं वाचत म्हातारा झालो. का? तर देवाचा शब्द आहे! त्यातला काना इकडचा तिकडे होत नाही! आणि तू? माझ्या वाट्याला सहावा आणि तुला चौदावा नको?"

दंडक मोडला होता. महादेवप्पाने खाकरून घसा साफ केला.

"शरणू, जुनं कशाला उकरायचं? आज काकीचा वाढदिवस हाय—"

"तू गप बस!"

शरणबसवने मोठ्या भावाला आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. महादेवप्पा खुर्चीत मागे टेकला.

शिवबाईचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. रडून सुटका करून घ्यायची तिला सवय नव्हती.

"बरोबर बोलतोयस तू," ती म्हणाली. "सहावा मी तुला लावला, नि चौदावा मला लावून घेतला न्हाय. माझं चुकलं. तुझं वाटोळं मी केलं, शास्त्रानं न्हाय केलं. पण का सोडलं ते ऐकून घे. तुला तुझी बहीण आठवती का? तीन वर्षांची?"

"कावीळ झालेली."

"ती गेली त्या सालची गोष्ट. तू सतरा वर्साचा. पेटी चर्चमदी ठेवली हुती. पाळकांची प्रार्थना झाली. मला वाटलं, माझी लेक हाय, मी दोन शब्द देवाशी बोलते. मी उठले. प्रभू, एवढंच म्हणाले. तर ह्याचा बाप," तिने महादेवप्पाकडे बोट केलं, "सिद्धलिंगप्पा भावजी, पंच हुते तवा, त्ये उठले. शास्त्र उघडलं नि हीच दोन वचनं वाचली, समद्यांम्होरं. म्हणाले, वयनी, खाली बसा. नि मी बसले. तुझा बाप बाजूला हुता. त्यानं मान खाली घातली. मी माझ्या लेकीसाठी तोंड उघडलं, त्ये देवाच्या शब्दानं बंद केलं."

 शरणबसवही त्या दिवशी तिथं होता. आई उठलेली आणि लगेच बसलेली त्याला आठवत होती. इतकी वर्षं तो समजत होता की तिला भोवळ आली.

"नि पुढल्या आठवड्यात आपण चौदाव्यावर आलो. तू लिवायला बसलास. मी तेहतीस वाचलं. म्होरचं माझ्या तोंडून निघंना. मला वाटलं, देव माझ्या पोराच्या हातानं मला हे परत ऐकवणार असंल तर मी न्हाय ऐकणार. मी सोडून दिलं. देवाला काय सजा करायची ती करू दे म्हटलं."

 मार्थाने पुढे होऊन सासूच्या पाठीवर हात ठेवला. पीठ लागलेला हात, नव्या इरकलीवर पांढरा ठसा उमटला, आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

"माझे वडील देवाघरी गेलेत," महादेवप्पा म्हणाला. "मेलेल्या माणसावर असं बोलू नये. त्यांनी शास्त्रात हाय तेच वाचलं. शास्त्र गाळणारी माणसं आमच्या घरात न्हाईत."

"तुमच्या घरात वहीच नाही," संगमेश म्हणाला. "तुमच्याकडं एक ओळ तरी कुणी उतरवली का कधी?"

"अव्वानं देवाची माफी मागितली का अजून?" शरणबसव म्हणाला. त्याचा राग आता कुठं जावं हे न कळून घरभर फिरत होता. "माझं दुःख एवढं, तुझं दुःख तेवढं, म्हणून ज्याने त्याने आपल्याला झोंबणारी ओळ काढून टाकायची? उद्या हा अण्णा सहावा काढून टाकेल. चोर चोरीची आज्ञा काढेल. मग राहिलं काय देवाचं? कोरी वही?"

"अप्पा बरोबर बोलतायत," ऋतुजा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. शिवबाईनेही. ऋतुजा संतापली होती, आणि चष्मा असता तर बापासारखाच तिनेही पुसला असता.

"अज्जी, तुला खाली बसवलं ते पाप होतं, आणि ज्याने बसवलं त्याचा मला राग येतो. पण तुझाही येतो. तू ती वचनं गाळलीस म्हणून ती गेली का? छापील शास्त्रात होतीच. अण्णाकाकांच्या तोंडात होतीच. माझ्या कॉलेजात पहिल्या दिवशी एका पोराने मला तीच ऐकवली. फक्त आपल्या वहीत ती नव्हती, म्हणून आपल्या घरात कुणी तिच्याशी कधी भांडलंच नाही. मला एकटीला भांडावं लागलं. तू भांडायला हवं होतंस, अज्जी. ज्या देवाचा श्वास म्हणता, त्याच्यासमोर वही उघडून विचारायला हवं होतंस की हे तू का म्हणालास? याकोब देवाशी कंबर निखळेपर्यंत झुंजला, पण त्याने सोडून दिलं नाही."

"मला एवढं कुटं कळत हुतं," शिवबाई म्हणाली.

"कळत होतं. आकडे बदलण्याइतकं कळत होतं." मग ती बापाकडे वळली. "आणि तुम्हाला काल विचारायचं सुचलं नाही, म्हणून आत्ता सांगते. उद्या मी उपदेशाला कुठला उतारा घेतलाय ठाऊक आहे? हाच. चौदावा. ही दोन वचनं मी पूर्ण वाचणार आहे, उभी राहून, बाईच्या आवाजात, आणि मग विचारणार आहे की देवाने ही आपल्यापुढे का ठेवली. मी गाळणारी नाही."

शरणबसवने वही जवळ ओढली. तो टेबलाशी बसला. शर्टाच्या खिशातून त्याने लाल पेन काढलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते पेन खिशात असायचंच.

"छापील आण," तो म्हणाला.

ऋतुजाने शास्त्र आणलं.

"वाच. सावकाश वाच. मी बघणार नाही." त्याने तेहतिसाव्या वचनाच्या शेवटी, मजकूर सुटल्याची प्रूफातली खूण केली आणि समासात पेन टेकवलं. "आकड्यासकट वाच."

ऋतुजाने वाचलं. चौतीस. मग पस्तीस. एकेक शब्द, मध्ये कुठं आवाज न चोरता. शिवबाईने डोळे मिटून घेतले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या शब्दांवर तिने तोंड मिटलं होतं ते शब्द आज नातीच्या तोंडून, मुलाच्या हाताने तिच्यासमोर उतरत होते, आणि या वेळी ती ते शेवटपर्यंत ऐकत होती.  सतराव्या वर्षीच्या त्या सरळ अक्षरांशेजारी हे लाल अक्षर वाकडंतिकडं पडत होतं. मग त्याने खालचे आकडे एकामागे एक दुरुस्त केले. चौतिसाचे छत्तीस, पस्तिसाचे सदतीस, थेट चाळीसपर्यंत.

महादेवप्पा खुशीत आला. "हे बेस झालं. शास्त्र पुरं झालं. म्हणजे आता मी लोकांना सांगतो की उद्या उपदेशाला पोरगी न्हाय. आपण धाकट्या पंचाला उभा करू."

"उपदेश ऋतुजा करणार आहे," शरणबसव म्हणाला.

"आता तूच लिवलंस की!"

"लिहिलं. तिने वाचलं आणि मी लिहिलं. एक शब्द तिने चोरला नाही. माझ्या आईने चोरला, तुझ्या बापाने ह्याच शास्त्रातलं एवढंच वाचलं आणि सहावा चोरला. या घरात आजवर पूर्ण वाचणारी हीच एक निघाली. पाचवं मत माझं आहे, अण्णा. सेक्रेटरी म्हणून लेखी देतो." त्याने मुलीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात लाडाचा लवलेश नव्हता. "पहिल्या बाकावर बसणार आहे मी. एक अक्षर गाळलंस, नाहीतर गोड करून सांगितलंस, तर तिथंच उठून टोकीन. मग बाप म्हणून ओळख दाखवू नकोस."

"टोका," ऋतुजा म्हणाली.

महादेवप्पा उठला. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाला, "मी सहाला येतो न येतो, धरू नका."

"या की," शरणबसव म्हणाला. "आणि येताना कोरी वही आणा. तुमच्या छापखान्यात कागदाला काय तोटा आहे? तुमच्या घरची सुरुवात सहाव्या अध्यायापासून करा. वाचायला मी बसतो."

दार आपटलं. बाहेरचं ऊन क्षणभर आत आलं आणि गेलं. मार्था म्हणाली, "अहो, पोळ्या करपतील," आणि आत पळाली. संगमेश तिच्या मागे गेला, कारण आता घरात थांबायला तेवढीच जागा बरी होती.

शरणबसवने पत्राचं शेवटचं पान काढलं. 'वाचणार' या शब्दापुढे शिवबाईचं नाव होतं, 'लिहिणार' पुढे त्याचं. त्याने शिवबाईच्या नावाखाली लाल शाईने ऋतुजाचं नाव घातलं. पेन मग आईच्या नावावर येऊन थांबलं.

"खोड की," शिवबाई खाटेवरून म्हणाली. "मी पुरं वाचलं न्हाय. माझं नाव तितं नगं."

"तुझ्याशी मी बोलत नाहीये अजून," शरणबसव म्हणाला. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. डोळे पुसले. कचेरीतली, सभेतली, पुस्तकातली भाषा त्याच्या तोंडातून केव्हाच निघून गेली होती.

"लिवलेलं खोडायचं नसतंय हितं, अव्वा," तो म्हणाला, आणि त्याने वही मिटली.